भिंगातली साय

४ जानेवारी

लिहायचं कारण एवढंच की जुन्या भिंगाला जीभ नाही. नवं भिंग कॅमेऱ्याला सगळं सांगतं आणि कॅमेरा ते फोटोबरोबर आपोआप लिहून ठेवतो. भोक केवढं उघडं होतं, अमुक, तमुक. जुनं भिंग गप्प. फोटो बिघडला तर का बिघडला ते आपणच लिहून ठेवायचं, नाहीतर उद्या तीच चूक परत, असं भिंगवाला म्हणाला. भिंगवाला म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारा. चपलांच्या दुकानाला चिकटून बसतो. बारा महिने सर्दी.

मी चौथीपर्यंत शिकले. तेव्हा ही वही कुणी वाचू नये. वाचली तर हसू नये. हसलंच तर मला सांगू नये.

भिंग ह्यांचं. हे कारखान्यात यंत्रांचे फोटो काढायचे, रिळाच्या जमान्यात. हे गेले, त्यांचा कॅमेरा गंजून गेला, भिंग उरलं. पोरानं मधे एक कडी घालून ते स्वतःच्या नव्या कॅमेऱ्याला बसवलं. म्हटलं, नव्या मोटारीला टांग्याचं चाक लावलंस. नुसता हसला. मागच्या वर्षी पोरगाही गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या जिन्यातच बसला. आता भिंग आहे, कॅमेरा आहे, डोळा लावणारं कुणी नाही.

सून पुढच्या महिन्यात लग्न करतेय. मीच मागे लागले होते. तरुण आहेस, कर म्हटलं. आजवर माझं एक ऐकलं नाही, नेमकं हे ऐकलं. माणूस मोटार चालवायला शिकवतो, घर लांबच्या गावात. खोड काढायची म्हणून मी त्याला दोनदा चहाला बोलावला. खोड सापडली नाही. माणूस वाईट नाही, हेच वाईट.

नात आईबरोबर जाणार. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी उभी राहील तर शपथ.

काल सून भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, भिंगरीच्या वाढदिवसाचा फोटो इथंच व्हायला हवा. जायच्या आधी."

पोरगा दर वाढदिवसाला आतल्या खोलीच्या खिडकीपाशी तिचा फोटो काढायचा, ह्याच भिंगानं. सगळे भिंतीवर ओळीनं लावलेत.

"मग काढ की. तुला येतो ना फोटो काढता?"

"मोबाइलवर येतो. त्या कॅमेऱ्याला हात लावला की माझं काही खरं राहत नाही. तुम्ही काढाल? मला तसाच पाहिजे, आई. त्याच भिंगानं."

म्हटलं, काढते. त्यात काय, बटण तर दाबायचं.

७ जानेवारी

बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म. पाटीवर अक्षरं आली, भिंग बसवलेलं नाही. डोळ्यांसमोर एवढं वजनदार भिंग लटकतंय आणि हा म्हणतो नाही! ह्यांचं सगळं आयुष्य त्या भिंगामागे गेलं, आणि हा कालचा डबा त्याला ओळख देत नाही.

भिंगरी म्हणाली, "आजी, त्याला कळत नाही. त्याला सांगायला लागतं, भिंग नसलं तरी काढ." तिनं बोटांनी कुठंकुठं दाबलं आणि कॅमेरा चालू झाला. बापाच्या मांडीवर बसून शिकली असणार.

आता दुसरं. नवं भिंग स्वतः बघून घेतं, हे आपण फिरवायचं. कडं हातभर फिरतं आणि त्यात कुठंतरी केसाएवढ्या जागेत भिंगरीचा डोळा स्पष्ट होतो. ती जागा सापडेपर्यंत भिंगरी खिडकीतून उठून स्वयंपाकघरात.

काढले बरेच. सगळे फुसके. एकात नुसता फ्रॉकचा पाठमोरा घेर.

१० जानेवारी

भोकाचा आकडा २. पुन्हा फुसके.

ह्या आकड्यांचं एक कळत नाही. आकडा मोठा तर भोक लहान, आकडा लहान तर भोक मोठं. ज्या शहाण्यानं हे ठरवलं त्याच्या बायकोचे हाल झाले असतील.

पोरगा दोनवरच काढायचा असं भिंगरी म्हणते. दोनवर काढलं की डोळा स्पष्ट येतो आणि कान विरघळतो. माझा कान स्पष्ट येतो आणि डोळा विरघळतो.

भिंगवाल्याकडे गेले. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. कोपर भिंतीला टेकवा. श्वास धरा. आणि कडं फिरवत बसू नका, एकदा जमलं की तिथंच ठेवून स्वतः पुढंमागं डुला. म्हटलं, ह्या वयात डुलायला सांगता? तो म्हणाला, "आजी, फोटोसाठी माणूस काय काय करतं." आणि शिंकला.

१३ जानेवारी

आज एक जमला! कॅमेऱ्यात जे स्पष्ट असेल त्याच्या कडेनं लाल रेघ उमटते. ती रेघ भिंगरीच्या पापणीवर आली की दाबायचं. मी डुलले, रेघ पापणीवर आली, दाबलं. भोक २.

पण फोटो काही मला आवडला नाही. पापणी आली बरोबर, पण सगळ्यावर कसलंसं दुधट पाणी. खिडकीकडच्या बाजूनं केसांना कापूस चिकटल्यासारखा. मागे दिवा होता, त्याच्याभोवती हा पसारा. भिंतीवरचे पोराचे फोटो जाऊन बघितले, त्यांतही तेच. इतकी वर्षं मी ते लांबूनच बघत होते.

भिंग उजेडात धरून आतून बघितलं. आत जाळं! पांढऱ्या मुळ्या, कडेनं आत सरकलेल्या, आणि मधे सगळ्या काचेवर साय. बुरशी. किती वर्षांची कुणाला ठाऊक. ह्यांच्या मागे ते कपाटात ओलीला पडलं होतं. पोराला नोकरीतून फुरसत मिळाली नसेल, नाहीतर एवढी घाण कोण ठेवील?

सून सकाळी त्या फोटोंपुढं उभी होती. हातात कंगवा, केस अर्धे विंचरलेले. म्हटलं, उशीर होतोय. हो म्हणाली आणि उभीच.

१५ जानेवारी

भिंगवाल्याला भिंग दिलं. म्हटलं, साफ करा. आतून बाहेरून.

त्यानं ते डोळ्याला लावलं, नाक ओढलं. "पुरतं साफ करायचं, आजी?"

"अर्धवट साफ म्हणजे काय असतं?"

"तसं नाही. काही लोक राहू देतात. फोटो मऊ येतो."

"घाण मुद्दाम ठेवतात? तुमच्या आईनं ठेवली असती का?"

"आई बुरशीचा पाव टाकायची नाही, बुरशी काढून द्यायची," असं म्हणाला आणि हसला. मग परत विचारलं, "मुलगा ह्यानंच काढायचा ना? तो कधी साफ करायला घेऊन आला नाही."

म्हटलं, तो कशालाच वेळेवर गेला नाही. दवाखान्यातही नाही.

त्यानं भिंग फडक्यात गुंडाळलं. उद्या देतो म्हणाला.

सुनेला सांगितलं नाही. लग्नाला मी तिला काय देणार? दागिना ती घेणार नाही, भांडी तिच्या नव्या घरात आहेत. तेव्हा हा एक फोटो असा देणार, की मोजायच्या तर पापण्या मोजता याव्यात.

१६ जानेवारी

भिंग आणलं. काय लखलखतंय! ह्यांनी कारखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा असंच होतं. आरपार बघितलं तर मधे काच आहे हेच कळेना. कडंही लोण्यासारखं फिरतं, जुनं वंगण काढून नवं घातलंय.

भिंगरीनं ते बघितलं आणि विचारलं, "आजी, ह्यातला ढग कुठं गेला?"

म्हटलं, पळाला, तुझ्यासारखाच.

१७ जानेवारी

सराव. भोक २. शेजारणीच्या मांजराच्या मिशा मोजल्या. जमतंय.

२१ जानेवारी

आज वाढदिवस. नीट लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

सगळं तसंच मांडलं. तेच स्टूल. खिडकीचा पडदा त्याच हुकावर अर्धा. दुपारचाच उजेड. मागच्या कोपऱ्यातला दिवा लावून ठेवला, पोरगा लावायचा म्हणून. भिंगरीला पिवळा फ्रॉक. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी, हाताची घडी.

भिंगरीला म्हटलं, उभी राहा बाई, आज तरी. तिनं कधी नव्हे ते ऐकलं. एवढी शहाणी उभी राहिली की मलाच कसंतरी झालं. कोपर भिंतीला. श्वास धरला. डुलले. रेघ पापणीवर. भोक २. दाबलं.

असा फोटो ह्यांनाही आला नसता. पापणी न् पापणी वेगळी, गालावरची लव, नाकाच्या शेंड्यावर बिस्किटाचा कण. दिवा म्हणजे नुसता दिवा, त्याच्याभोवती कसला पसारा नाही.

सुनेच्या हातात कॅमेरा दिला. तिनं बघितलं. बटणानं मोठा करून बघितला, परत लहान केला. मग भिंगाकडे बघितलं.

"हे तेच आहे?"

"तेच ग. साफ करून आणलं. बघ तरी, किती स्वच्छ!"

तिनं कॅमेरा टेबलावर ठेवला. आपटला नाही, अगदी हलकेच ठेवला. न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ सोडला. म्हटलं, पाणी संपेल.

भिंगरी स्टुलावरून उतरली, चवड्यांवर उभी राहून फोटो बघितला. "हा बाबाचा फोटो नाही," म्हणाली.

मी म्हटलं, बाबाचा कुठून येणार, मी काढलाय. जरा जोरानंच म्हटलं. केक मग तसाच राहिला.

२२ जानेवारी

सून बोलत नाही. विचारलं तर "काही नाही, आई." माझी कोपरं सोलवटली, त्याचं कुणाला काही आहे का? ह्या घरात कुणासाठी काही करायची सोय नाही.

२३ जानेवारी

भिंगरीनं आज मला भिंतीपाशी ओढत नेलं. कॅमेऱ्यातला फोटो एका बाजूला धरला, पोराचे दुसऱ्या बाजूला. बोटानं दाखवायला लागली, मी आंधळी असल्यासारखं.

"हे बघ, इथं दिव्याला मिशा आहेत. इथं माझे केस पेटलेत. इथं बघ, खिडकी आत आलीये. तुझ्यात खिडकी बाहेरच आहे."

"ती घाण होती, बाळा."

"घाण नाही. बाबा म्हणायचा, आजोबांच्या भिंगात साय आहे. ती काढायची नाही. तिच्यातूनच आपल्या माणसांकडे बघायचं. आई म्हणते, बाबाला आपण असे दिसायचो."

मी खाली बसले. भिंगरी म्हणाली, "आजी, गुडघा दुखतो?"

हो म्हटलं.

२४ जानेवारी

सुनेपुढं गेले. ती कपडे खोक्यात भरत होती. म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलंस तसाच पाहिजे, मी स्टूल तेच ठेवलं, पडदा तसाच ठेवला. तू सांगायचंस ना, साय ठेवा म्हणून.

"मला काय ठाऊक, तुम्ही तीसुद्धा पुसाल?" एक सदरा तिनं घडी घातला, उलगडला, परत घातला. "तुम्ही सगळं पुसता, आई. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या उशीचा अभ्रा धुतलात. मी न्हाणीघरातून आले तर दोरीवर. साबणाचा वास. मी काही बोलले तेव्हा?"

"मळला होता."

"हो. मळला होता. त्याच्यानंच मळला होता."

मग ती रडली नाही, हे वाईट झालं. रडली असती तर मी काही केलं असतं, पाणी दिलं असतं. ती भरत राहिली.

अभ्रा मी धुतला, खरं आहे. त्या सकाळी घरात बायका बसल्या होत्या आणि मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. समोर बादली होती. तिचं त्यात काही राहिलं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात काहीच नव्हतं.

हे तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. म्हटलं, खोक्याला दोरी बांध, तळ फाटेल.

२५ जानेवारी

भिंगवाल्याकडे. म्हटलं, परत घाला.

"काय?"

"बुरशी. पैसे घ्या आणि होती तशी घाला."

तो पान चुकलेल्या मास्तरासारखा माझ्याकडे बघत राहिला. "आजी, बुरशी लावता येत नाही. लागते."

"किती दिवसांत लागते?"

"दिवसांत? वर्षं लागतात. आणि लागली तरी तशीच लागेल असं कुणी सांगावं? मुळ्या कुठूनही जातील."

"पुसलेला कापूस?"

"तो कचऱ्यात गेला." त्यानं रुमालात नाक पुसलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. एकदा मी त्याची आई काढली, एकदा पोराला नावं ठेवली.

२६ जानेवारी

काय काय केलं ते लिहून ठेवते, म्हणजे परत करायला नको.

भिंगावर तोंडाची वाफ सोडली. धुकं येतं, भिंगरीला उभी करेपर्यंत जातं. भोक २.

किटलीच्या वाफेवर धरलं. थेंब बसले. भिंगरी पाण्यात बुडल्यासारखी आली. भोक २.

पायमोज्याचं झिरझिरीत कापड ताणून बसवलं. मऊ येतो, पण सगळीकडे सारखा मऊ. पोराच्या फोटोत मऊपणा उजेडाच्याच बाजूनं यायचा. भोक २.

काचेच्या तुकड्याला खोबरेल चोपडून पुढं धरला. दिव्याला शेपूट आलं, मिशा नाहीत. भोक २.

सून दारात येऊन बघत होती, मला कळलंच नाही. माझ्या हातांना तेल, मोजा, किटली खदखदतेय.

"राहू द्या, आई," म्हणाली.

"थांब, जमेल. बोटानं कमी लावते."

"राहू द्या. पडाल किटलीवर." आली, किटली उतरवली, माझे हात फडक्यानं पुसले, एकेक बोट. बऱ्याच दिवसांनी तिनं मला हात लावला. मला वाटलं आता काही बोलेल. फडकं वाळत घातलं आणि गेली.

३० जानेवारी

आज फोटो नाही. मोटारवाला खोकी न्यायला आला होता. भिंगरीनं त्याला विचारलं, तुमच्या घरी खिडकी कुठल्या बाजूला आहे? तो म्हणाला, तुला पाहिजे त्या बाजूला बस, खिडक्या बऱ्याच आहेत. चांगलं उत्तर दिलं. मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

८ फेब्रुवारी

कचेरीत सह्या झाल्या. मी साक्षीदार म्हणून सही केली. सही माझी ठळक आहे.

११ फेब्रुवारी

गेल्या.

सकाळी सुनेनं भिंतीवरचे फोटो उतरवून टॉवेलात गुंडाळले. भिंतीवर पांढरे चौकोन राहिलेत. मी कॅमेरा पिशवीत घालून तिच्यापुढं धरला. कडी, भिंग, पट्टा, सगळं. म्हटलं, घेऊन जा, भिंगरीचा बाप त्यातून बघायचा.

तिनं पिशवी हातात घेतली, थोडा वेळ धरली. मग परत दिली. "तुमच्याकडेच राहू द्या. आता त्यात तो नाही, आई."

रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते.

मग वाकून माझ्या पाया पडायला लागली, मी धरली. किती हलकी झालीये. कानाशी म्हणाली, "जेवत जा वेळेवर." मी म्हटलं, तू आपलं बघ.

मोटार शिकवायची. टपावर पाटी, आत दोघांच्या पायाशी ब्रेक. म्हटलं, बरं आहे, एकाचं चुकलं तर दुसरा थांबवेल. मोटारवाला हसला, सूनही थोडी हसली. भिंगरी मागच्या काचेतून ओरडली, "आजी, ते परत मळू दे हां! हात लावू नकोस!"

मी दारात कॅमेरा डोळ्याला लावला. कोपर चौकटीला. श्वास धरला. आणि काय सांगू, साय आली! खरंच आली! मोटारीच्या मागच्या लाल दिव्यांना मिशा फुटल्या, भिंगरीचे केस पेटले, रस्त्याचा उजेड सगळा आत आला, अगदी पोराच्या फोटोतल्यासारखा. म्हटलं, लागली बुरशी, भिंगवाल्याला काय कळतंय! दाबलं. परत दाबलं. मोटार वळेपर्यंत दाबत राहिले. सुनेला हाक मारणार होते, थांब, आला तसाच आला. पण ती कोपऱ्यावरून गेली होती.

भोक २.

मग पायरीवर बसून एकेक बघितला. सगळे स्वच्छ. गाडीचा नंबर वाचता येतो. काचेवर भिंगरीच्या हाताचा ठसा दिसतो. दिवे म्हणजे नुसते दिवे.

१२ फेब्रुवारी

भिंगवाल्याकडे भिंग घेऊन गेले. म्हटलं, नीट तपासा. काल आत साय होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली, फोटोत मात्र आली नाही. कडीत काही बिघाड असेल.

त्यानं कडी बघितली. भिंग उजेडात धरलं, उलटं करून धरलं. "एकदम स्वच्छ आहे, आजी. काही नाही आत."

"मग मला दिसलं ते काय?"

"कधी दिसलं?"

"सून आणि नात गेल्या तेव्हा. दारातून."

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि खणातून एक घडीचा, न वापरलेला रुमाल काढून माझ्यापुढं धरला.

म्हटलं, नको. आता मी ते पुसणार नाही. भिंग तसंच पिशवीत घातलं आणि घरी आले.